राणीने ओढलेली दोरी

२ जुलै १८६० रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर व्हिक्टोरिया राणीने रायफलचा एक बार काढला. इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा तो पहिला मेळावा होता. निशाण ४०० यार्डांवर, म्हणजे साधारण ३६५ मीटरवर उभे केले होते, आणि गोळी त्याच्या मध्यापासून अवघ्या सव्वा इंचावर लागली. राणीने बंदूक खांद्याला लावली नव्हती. एक डोळा मिटून तिने माशीकडे पाहिलेही नव्हते. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने आपली रायफल एका यांत्रिक टेकणावर आवळून बसवली होती, निशाणावर शिस्त लावून ठेवली होती आणि चापाला रेशमी दोरी बांधली होती. राणीने फक्त ती दोरी ओढली. हा प्रसंग एरवी दरबारी कौतुकाचा म्हणून सांगितला जातो, पण लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा इतिहास समजून घ्यायला त्याहून चांगला पुरावा सापडणे कठीण आहे. जे काही कौशल्य होते ते दोरी ओढण्यापूर्वीच खर्ची पडले होते. लांबचा नेम बार उडण्याच्या क्षणी लागत नाही, तो आधी लावून ठेवावा लागतो. आणि लावून ठेवण्याची ही विद्या जन्मली कुठे, असे विचारले तर उत्तर शिकाऱ्याच्या तळावर सापडत नाही. ते यंत्रकाराच्या कारखान्यात, मोजणीदाराच्या अंशा-कलांत आणि दोरीने मापलेल्या चांदमारीच्या मैदानावर सापडते. शिकाऱ्याने ती फार उशिरा उचलली, आणि हिंदुस्थानातल्या जाणत्या शिकाऱ्याने तर ती बराच काळ विचारपूर्वक दूर ठेवली.

आधी शब्दांकडे पाहू, कारण आपल्या भाषेने या विद्येची एक बाजू नीट जपली आहे. नळीच्या तोंडाशी असलेल्या बारीक उंचवट्याला आपण माशी म्हणतो. मागची खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणणे म्हणजे शिस्त धरणे. हा शब्द फारसीतून आला आणि जुन्या मराठीत त्याचा अर्थ नेम, नेमाची रेषा असा होता. हिंदी-उर्दूत शिस्त बांधणे म्हणजे अजूनही नेम धरणेच. मराठीत मात्र तो शाळेत आणि कवायतीच्या मैदानावर जाऊन बसला आणि त्याचा मूळ अर्थ बहुतेकांच्या विस्मरणात गेला. पलटणीत आणि एनसीसीत आज रायफल ‘झिरो करणे’ म्हणतात तेच हे काम: शिस्तीची रेषा आणि गोळीची वाट एका ठरावीक अंतरावर एकमेकींना भेटतील अशी जुळणी करणे. दोन्ही वाटा मुळात वेगळ्या असतात, हे त्यात गृहीत आहे. डोळा सरळ रेषेत पाहतो, गोळी मात्र नळीबाहेर पडताक्षणी खाली येऊ लागते. त्यामुळे शिस्त लावण्याचे काम दुहेरी आहे. गोळी डावी-उजवीकडे जात असेल तर ती चूक काढायची, आणि किती अंतरावर किती उंच धरायचे ते ठरवायचे. यातले पहिले काम फार जुने आहे. दुसरे काम हाती यायला बंदुकीच्या शोधानंतर काही शतके जावी लागली.

पहिल्या कामाचा उत्तम पुरावा आपल्याच देशात आहे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त शाही बंदूकखान्याचे वर्णन केले आहे. नवी नळी तयार झाली की ती दारू भरून पारखली जाई, मग जाणकार माणूस तिने निशाणावर बार काढी. गोळी वाकडी गेली तर नळी तापवून, आत लाकडी दांडा घालून ती सरळ केली जाई, आणि त्यानंतरच ती पुढच्या कारागिराकडे जाई. आजचा नेमबाज मागची खाच सरकवतो, अकबराचा लोहार खुद्द नळीच सरळ करत होता, एवढाच फरक. शिस्त लावणे ही युरोपातून आलेली कल्पना आहे असे मानणाऱ्यांनी हा उतारा जरूर पाहावा. अकबर स्वतः मोठा शिकारी होता, ‘संग्राम’ ही त्याची आवडती बंदूक, आणि १५६८ साली चितोडच्या वेढ्यात त्याने किल्ला लढवणाऱ्या जयमलला तिनेच टिपले असे इतिहास सांगतो. तेव्हा शिकाऱ्याच्या गरजेतून काहीच आले नाही, असा माझा दावा नाही. बंदूक सरळ मारते की नाही, हे शिकाऱ्यालाही राजाइतकेच हवे होते. पण या सगळ्या वर्णनात अंतराचे गणित कुठे दिसत नाही. अमुक पावलांवर एवढे उंच धरा, तमुक पावलांवर तेवढे, असे सांगणारी खूण त्या बंदुकीवर नव्हती. तिची गरजही भासली नसावी, कारण गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी शंभर-सव्वाशे पावलांपुढे कुठे जाईल याचा भरवसाच नव्हता. ज्या गोळीची वाट दर बाराला बदलते तिच्यासाठी मापाची पट्टी करून उपयोग काय?

त्या वाटेचा पहिला शास्त्रशुद्ध हिशेब बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने मांडला. १७४२ साली त्याचे तोफविद्येवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लोंबत्या लाकडी ठोकळ्यात गोळी मारून तो किती झुलतो त्यावरून गोळीचा वेग काढण्याची युक्ती त्याचीच. गोळी सरळ न जाता कडेला का वळते, हे त्याने पातळ कागदाचे पडदे लावून दाखवले, आणि आटे पाडलेली नळी जे राष्ट्र आधी नीट आत्मसात करील ते रणांगणावर वरचढ ठरेल असे भाकीत केले. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. त्याच्या भाकिताला फळ यायला आणखी शंभर वर्षे लागली. फ्रान्समधल्या मिनिये याने १८४९ च्या सुमारास बुडाशी पोकळ, लांबट गोळी सिद्ध केली. ती नळीत सहज सरकत असे आणि बार उडताच फुगून आट्यांत बसत असे. त्या तत्त्वावर इंग्रजांची १८५३ सालची एन्फील्ड रायफल तयार झाली आणि तिच्यावर ९०० यार्डांपर्यंतची पट्टी आली. पहिले ४०० यार्ड पायऱ्यापायऱ्यांनी, त्यापुढे शिडीसारखी उभी करायची चौकट आणि तिच्यावर वरखाली सरकणारी आडवी पट्टी.

या पट्टीवरचे आकडे किती नाजूक होते ते साध्या हिशेबाने कळते. त्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १,२०० फूट होता. हवेचा रोध सोडून दिला तरी १०० यार्डांना पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात गोळी एक फूट खाली येते. २०० यार्डांना अर्धा सेकंद, घसरण चार फूट. ४०० यार्डांना एक सेकंद, घसरण सोळा फूट. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपट होते. म्हणजे समोरचा माणूस खरोखर ४५० यार्डांवर असताना तो ४०० वर आहे असे समजून पट्टी लावली, तर गोळी सव्वादोन फूट खाली जाणार. छातीवर धरलेली गोळी मांडीपर्यंत उतरणार. जवळच्या पल्ल्यात अंदाज पाव हिश्श्याने चुकला तरी निभावते, लांबच्या पल्ल्यात आठव्या हिश्श्याची चूक सगळे बिघडवते. म्हणून पट्टीवरचा आकडा एकटा निरुपयोगी होता. तो वापरणाऱ्याला अंतर कळायला हवे होते. केंटमधल्या हाईथ येथे १८५३ साली जी नेमबाजीची शाळा निघाली तिने हे बरोबर ओळखले. तिथल्या शिक्षणक्रमात अंतर ओळखण्याची स्वतंत्र कवायत होती: मोजलेल्या अंतरांवर माणसे उभी करायची आणि कुठून चेहरा दिसतो, कुठून फक्त आकृती, हे शिपायांच्या डोळ्यांत भिनवायचे.

इथे आपल्या इतिहासातली एक दुर्लक्षित बाजू नोंदवली पाहिजे. १८५७ च्या सुरुवातीला नव्या एन्फील्डचे शिक्षण देण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट अशी तीन केंद्रे उघडली होती. तिथे निरनिराळ्या पलटणींतून निवडून शिपाई बोलावले गेले. चरबीच्या काडतुसाची गोष्ट आपल्याला पाठ आहे, आणि ती तशी असणे योग्यच आहे. पण ते शिपाई तिथे का जमले होते, हे सहसा सांगितले जात नाही. काडतूस फोडायला तर ते आधीपासून जाणत होते. नवी होती ती पट्टी आणि अंतराची कवायत. लांब पल्ल्याची शिस्त ही फौजेला हुकमाने शिकवायची विद्या होती, आणि ती शिकवायला सरकारला शाळा काढाव्या लागल्या. घरी आजोबांकडून नातवाने शिकावी अशी ती विद्या नव्हती.

एन्फील्डच्या पट्टीवर ९०० चा आकडा होता खरा, पण तिथे गोळी ठरल्याप्रमाणे पोहोचते का, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर व्हिटवर्थने शोधले. स्क्रूच्या आट्यांना एकच माप देणारा आणि इंचाचा दशलक्षांश भाग मोजण्याचे यंत्र करणारा हा माणूस. रायफली बनवण्याच्या यंत्रांविषयी सरकारने त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला की चांगली नळी कशामुळे चांगली होते हेच आधी कळायला हवे. त्यासाठी मँचेस्टरजवळ रशोम येथे आपल्या घराच्या आवारात त्याने सरकारी खर्चाने ५०० यार्ड लांबीची बंदिस्त पडवी उभारली. वाऱ्याचा स्पर्श नको म्हणून वर छप्पर, दोन्ही बाजूंना भिंती. ती एका वादळात पडली आणि पुन्हा बांधावी लागली. आत ठिकठिकाणी पातळ कागदाचे पडदे टांगलेले असत. एकच गोळी ते सगळे भेदून जाई आणि प्रत्येक पडद्यावर तिची खूण राही, त्यामुळे तिची वाट वहीत काढता येई. नेमाच्या इतिहासात या पडवीइतके महत्त्वाचे ठिकाण मला दुसरे दिसत नाही. रॉबिन्सचे पडदे सोडले तर तोवर माणसाला गोळीच्या प्रवासाची दोन टोकेच ठाऊक होती, नळीचे तोंड आणि भोक पडलेले निशाण. मधला सगळा रस्ता इथे नजरेस आला. त्यातून निघाली षटकोनी छिद्राची, ०.४५१ इंची व्यासाची, दर २० इंचांना एक पूर्ण वळसा घेणारी नळी. १८५७ च्या सरकारी चाचणीत ५०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २.२४ फूट भटकल्या, तर व्हिटवर्थच्या ०.३७ फूट. १,४०० यार्डांवर व्हिटवर्थची सरासरी ४.६२ फूट होती, आणि एन्फील्डची नोंदच करता आली नाही, कारण निशाणाला गोळी लागली नाही. तरीही फौजेने व्हिटवर्थ रायफल सरसकट घेतली नाही. ती महाग होती आणि तिची अरुंद नळी दारूच्या काजळीने लवकर भरून येई. पण शिस्त लावण्यात अर्थ आहे हे तिने सिद्ध केले. गोळी दर वेळी त्याच वाटेने जात असेल तरच त्या वाटेला माप लावता येते.

दुसरा माणूस विल्यम एलिस मेटफर्ड. हा पेशाने रेल्वेचा अभियंता आणि मोजणीदार. थिओडोलाइट या कोन मोजण्याच्या यंत्रात त्याने सुधारणा केल्या होत्या. १८५७ साली तो ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीवर मुंगेरला आला, उठावाच्या काळात तिथल्या संरक्षणाच्या कामात गुंतला, प्रकृती ढासळून पुढच्याच वर्षी परतला आणि उरलेले आयुष्य रायफलच्या नळीला दिले. १८८८ साली इंग्रज फौजेने घेतलेल्या ली-मेटफर्ड रायफलच्या नावातला मेटफर्ड तो हाच. कोन मोजणाऱ्या माणसाने या कामात शिरणे मला योगायोग वाटत नाही. मोजणीदार दुर्बिणीतल्या आडव्या तारेवर दूरचा खांब धरतो आणि कोन कला-विकलांत लिहून घेतो. लांब पल्ल्याचा नेमबाज नेमके तेच करतो, फक्त त्याच्या रेषेच्या टोकाशी गोळी असते. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. १०० यार्डांवर ती जवळपास एक इंच भरते, १,००० यार्डांवर दहा इंच. म्हणून पट्टी कलांत आखली की ती कुठल्याही अंतराला चालते आणि एका बारावरून पुढच्या बाराची दुरुस्ती तोंडी करता येते. इंच-फुटांतून कलांत येणे, हीच खरी क्रांती होती.

तिचे फळ १८७४ साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर दिसले. २६ सप्टेंबरला अमेरिका आणि आयर्लंड यांचे सहा-सहा जणांचे संघ ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर भिडले. अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन रायफली होत्या, आयरिशांकडे जॉन रिग्बीने बनवलेल्या तोंडाने ठासायच्या, आणि खुद्द रिग्बीही त्यांच्या संघात होता. या रायफलींवर व्हर्नियरची बारीक सरकपट्टी होती आणि वाऱ्यासाठी माशी बाजूला सरकवायची सोय होती. रायफल तिरकी झाली तर कळावे म्हणून पाणसळही बसवलेली असे. निकाल लागला ९३४ विरुद्ध ९३१. मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाची एक गोळी बरोबर मध्यात बसली, पण शेजारच्या निशाणाच्या. तिचे चार गुण मिळाले असते तर आयर्लंड एका गुणाने जिंकले असते. सगळी मापे अचूक लावूनही निशाण कोणते हे पाहायचे राहून गेले. या स्पर्धेत मला सर्वांत बोलकी वाटते ती एक साधी गोष्ट: अंतर आधीपासून मोजलेले होते, ते ओळखण्याची कुणालाच गरज नव्हती. हजार यार्डांची ही अचूकता त्या मोजलेल्या जमिनीवर उभी होती.

इथे आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. त्याच १८७४ च्या जूनमध्ये टेक्सासमधल्या अ‍ॅडोब वॉल्स येथे बिली डिक्सन या रानरेडे मारणाऱ्या शिकाऱ्याने शार्प्स रायफलने सुमारे दीड हजार यार्डांवरचा घोडेस्वार पाडला. मग मैदानाचे कौतुक कशाला, शिकाऱ्याला हे आधीच येत नव्हते का? याचे उत्तर डिक्सनने स्वतःच देऊन ठेवले आहे. आपल्या आठवणींत त्याने तो बार नशिबाचा म्हणून सांगितला. तो उत्तम नेमबाज होता आणि तो बार पुन्हा तसाच साधेल असा दावा त्याने केला नाही. विद्या आणि योग यांत फरक करायचा तर पुनरावृत्ती हीच कसोटी. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: दक्षिण आफ्रिकेतले बोअर शेतकरी. १८९९ ते १९०२ च्या युद्धात त्यांनी माउझर रायफलींनी इंग्रज पलटणींना दुरून टिपले, आणि ते पिढीजात शिकारी होते. हे मान्य करायलाच हवे की त्यांची नजर उघड्या माळावरच्या हरणांच्या शिकारीने तयार झाली होती आणि अंतराचा अंदाज त्यांना शाळेशिवाय आला होता. पण त्यांच्या हातातली रायफल आणि तिची काडतुसे एकसारख्या मापाची, जर्मन कारखान्यातली होती. धूररहित दारूने गोळीची वाट बरीच सपाट केली होती. शिवाय त्यांच्या गावोगावी नेमबाजीचे मेळावे भरत, आणि मोर्चांसमोरच्या खुणांची अंतरे त्यांनी आधी काढून ठेवल्याच्या नोंदी आहेत. शिकारी नजर आणि मोजलेली जमीन एकत्र आली, म्हणून ते भारी पडले. उलट त्याच युद्धात कारखान्याची शिस्त चुकली तर काय होते तेही दिसले. इंपीरियल योमनरी या घोडदळाला दिलेल्या ली-एन्फील्ड रायफलींच्या माश्या चुकीच्या बसवल्या होत्या. ५०० यार्डांवर गोळी सुमारे १८ इंच उजवीकडे जाई, म्हणजे माणसाच्या मध्यावर धरली तर त्याला चुकवून जाई. त्यावर पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. त्या रायफलींच्या बाजूला २,८०० यार्डांपर्यंतची लांब पल्ल्याची तबकडीही होती. आकडा अडीच हजारांच्या पुढे आणि माशी पाचशेलाच चुकलेली: छापलेला पल्ला आणि लावलेली शिस्त यांत केवढे अंतर पडू शकते, हे यावरून कळते.

आता हिंदुस्थानातल्या जंगलाकडे येऊ, कारण या प्रश्नाचा सर्वांत चोख विचार मध्य प्रांतात झाला. नागपूर राजधानी करून १८६१ साली तो प्रांत बनला. सातपुड्यातली जंगले धुंडाळणारा आणि पुढे निमाडचा डेप्युटी कमिशनर झालेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा तिथला अधिकारी. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे त्याचे पुस्तक पचमढीमुळे अनेकांना ठाऊक असते. पण त्याआधी, १८६३ साली, त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. व्हिटवर्थच्या विजयाचा तो काळ. लांबट गोळी, अरुंद नळी, आट्यांचा जलद पीळ यांचाच बोलबाला होता. फोर्सिथने याच्या नेमके उलट मांडले. जंगलाला मोठ्या व्यासाची नळी, गोल गोळी, मंद पीळ आणि भरपूर दारू हवी. त्याचे कारण साधे होते. जंगलात जनावर किती दूर आहे हे कळत नाही. झाडोरा, उतार, सावली अंदाज बिघडवतात, आणि पट्टी वर-खाली करायला वेळ नसतो. म्हणून दीडशे यार्डांच्या आत गोळीची वाट जितकी सपाट होईल तितकी करायची, म्हणजे पट्टीला हात न लावता सरळ धरता येते. गोल गोळी दूरवर दम टाकते, पण तेवढ्या पल्ल्यात भरपूर दारूने ती जलद आणि सपाट जाते. हे अज्ञान नव्हते. व्हिटवर्थचे गणित कळूनही केलेली ही निवड होती. मैदानावर अंतर ठाऊक असते म्हणून गोळीच्या वक्र वाटेची भीती नसते. जंगलात अंतर ठाऊक नसते म्हणून वक्र वाट हाच शत्रू. त्याच सुमारास जेम्स पर्डी या लंडनच्या बंदूक बनवणाऱ्याने, आगगाडीवरून नाव घेऊन, ‘एक्सप्रेस’ नमुना काढला, तोही याच तर्काचा.

मध्य हिंदुस्थानातला शिकारी पट्टीऐवजी जागेला माप लावत होता, असे मला म्हणायचे आहे. मचाण म्हणजे तरी काय? झाड निवडायचे, रेडकू किती पावलांवर बांधायचे ते ठरवायचे, आडव्या येणाऱ्या फांद्या तोडायच्या, आणि मग त्या ठरलेल्या जागेसाठीच बंदूक रोखून बसायचे. हाक्यात जनावर कोणत्या नाल्यातून निघेल ते ठरवून बंदूकवाला नाल्याच्या तोंडाशी उभा करायचा. गावातला शिकारी ठासणीची बंदूक घेऊन पाणवठ्याच्या आडाला बसे तेही याचसाठी. या सगळ्या रीती अंतर आधी पक्के करण्याच्या आहेत. म्हणजे शिस्त लावण्याचे तत्त्व तेच, फक्त सरकवायची वस्तू वेगळी. या शिकाऱ्यांना लांबचा नेम येत नव्हता म्हणून ते जवळ जात, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करते. दुनळी रायफली बनवणारे कारागीरही हेच जाणत होते. दोन नळ्या किंचित आत झुकवून डाकाने जोडायच्या, बार काढून पाहायचे, डाक ढिला करून पाचर किंचित हलवायची, पुन्हा बार, असे करत दोन्ही गोळ्या पन्नास ते शंभर यार्डांवर एकत्र येईपर्यंत ते काम चाले. दुनळीची शिस्त कारखान्यात कायमची बसलेली असे, एका विशिष्ट काडतुसासाठी आणि एका विशिष्ट पल्ल्यासाठी. त्यापलीकडे ती तुमची जबाबदारी घेत नसे.

जिम कॉर्बेटच्या एका प्रसंगात हे सगळे एकवटले आहे. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या हाक्यात त्याने जवळ तीनच काडतुसे ठेवली होती. ती संपली, जखमी वाघीण समोर होती, तेव्हा त्याने धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक आणली. तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांत चांगलीच फट होती. वीस फुटांवरून त्याने वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला आणि गोळी तिच्या पंज्याला लागली. वाघीण आधीच्या जखमांनीच मरत होती, म्हणून तो वाचला. त्या काळच्या उत्तम नेमबाजांपैकी एक, वीस फुटांचे अंतर, आणि तरी गोळी भलतीकडे, कारण ती बंदूक त्याची नव्हती आणि ती कुठे मारते हे त्याला ठाऊक नव्हते. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर हेवेट यांनी त्याला ०.२७५ ची रिग्बी रायफल भेट दिली. क्रीडमूरला हरलेल्या त्याच जॉन रिग्बीच्या पेढीची ती. हा रिग्बी मधल्या काळात एन्फील्डच्या सरकारी कारखान्याचा प्रमुखही होऊन गेला होता. हजार यार्डांच्या मैदानावर तावून निघालेल्या पेढीची, माउझरच्या सपाट वाटेची ती रायफल कॉर्बेटने बहुधा हाकेच्या अंतरावर वापरली. १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्या त्याने तिनेच मारला, रात्री आंब्याच्या झाडावरून, विजेरीच्या झोतात, अगदी जवळून. रायफलची ऐपत किती आहे आणि बार किती दूरवर काढायचा, हे दोन वेगळे निर्णय असतात. कॉर्बेटला ते माहीत होते.

मग शिकारी रायफलला लांब पल्ल्याची शिस्त लावायची पद्धत कधी रूढ झाली? मैदानाची साधने एकेक करून शिकाऱ्याच्या हाती आली तेव्हा. दुर्बीण जुनीच होती. मुंबई फौजेतला डेव्हिड डेव्हिडसन याच्या नावाची दुर्बीण अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांच्या व्हिटवर्थ रायफलींवर होती. फ्रान्सच्या व्हियेने १८८४ साली धूररहित दारू काढली. पुढे टोकदार गोळी आली, वेग सेकंदाला २,७०० फुटांवर गेला. आता २०० यार्डांवर शिस्त लावली तर गोळी १०० यार्डांवर दोनेक इंच वर आणि ३०० वर आठ-नऊ इंच खाली जाते. हरणाच्या छातीच्या मापात अडीचशे यार्डांपर्यंत डोळे झाकून धरता येते. फोर्सिथ दीडशे यार्डांत जे मागत होता ते तंत्राने अडीचशेत दिले. त्यापुढची अडचण, अंतर न कळण्याची, लेझरने अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीने सोडवली. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तिथे आज साधा शिकारीही १०० यार्डांवर रायफल झिरो करतो, पुढच्या प्रत्येक पल्ल्याच्या कला चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला लावतो, आणि सहाशे यार्डांवरच्या जनावराला नेम धरतो. एका अर्थाने जंगल क्रीडमूर झाले.

म्हणून आजचा आक्षेप असा: अंतर कळले, गोळीची वाट कळली, मग फोर्सिथचा युक्तिवाद संपला नाही का? मला तो निम्माच संपलेला दिसतो. अंतराची बाजू यंत्राने घेतली हे खरे. पण सहाशे यार्ड जायला गोळीला जवळपास पाऊण ते एक सेकंद लागतो, आणि एका सेकंदात चरणारे हरीण एक पाऊल पुढे टाकते. छातीवर धरलेली गोळी तेवढ्यात पोटात जाते, आणि पोटात गोळी लागलेले जनावर मरायला तास लावते, बहुधा शिकाऱ्याला न सापडता. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तेवढ्या पल्ल्यात गोळीला दोन-अडीच फूट ढकलतो, आणि मधल्या दरीत वारा कुठल्या दिशेचा आहे हे कुठलीही दुर्बीण सांगत नाही. शिवाय मैदानावरची शिस्त तीन-तीन गोळ्यांचे झुपके पाहून, नळी तापल्यावर ठरते. शिकाऱ्याची मात्र पहिलीच गोळी मोजायची, थंड आणि पुसलेल्या नळीतून सुटलेली, आणि ती पुष्कळदा बाकीच्या झुपक्यात बसत नाही. मैदानावर चुकलेली गोळी पुढच्या गोळीला शिकवते. म्हणूनच व्हिटवर्थला पडवी बांधावी लागली आणि क्रीडमूरला मोजलेले माळरान लागले. जनावरासमोर ही सोय नाही. शिकारी रायफल मैदानासारखी लावता येते, पण मैदान सोबत नेता येत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बहुतांशी संपत आली आणि हा वाद जंगलापुरता मिटला. शिस्त लावण्याची विद्या मात्र मैदानावर, म्हणजे तिच्या मूळ घरी, नांदत राहिली. २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवणारी तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेणारा स्वप्नील कुसाळे त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. त्यांच्या रायफलच्या मागच्या शिस्तीत बारीक खटके असतात, एकेक खटका गोळीला केसभर सरकवतो. स्पर्धा सुरू होण्याआधी प्रत्येक नेमबाजाला ठरावीक मिनिटे मिळतात. तेवढ्यात तो हवे तितके बार काढतो, त्या दिवसाचा उजेड आणि वारा पाहतो, काडतुसे आणि आपली छाती यांचा अंदाज घेतो, आणि खटके फिरवतो. हे बार गुणांत धरले जात नाहीत.